परसबागेची कविता: वृत्त, यमक आणि घाट तपासायचा आहे

परसदार

खाली परसबागेवरची बारा ओळींची कविता देते आहे. लिहिताना प्रत्येक ओळीत १६ मात्रा (लघू म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक, गुरू म्हणजे दीर्घ अक्षराची दोन) धरल्या होत्या. मोठ्याने म्हटली की मात्र चार-पाच ठिकाणी पाय अडखळतो. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे पादाकुलक म्हणता येईल का? यमके चालतील का? आणि शेवटी दोन ओळी जोडून चौदा केल्या, तर तिला सुनीत (चौदा ओळींचे सॉनेट) म्हणता येईल का? आशयावर बोललात तरी चालेल, पण आधी बांधणी पाहा.

मागिलदारी न्हाणीपाशी
कर्दळ पिवळी उभी आडोशी
गर्द अळूच्या पानावरती
पाण्याचे मोती ओघळती

कुंपणकाठी फुलली जास्वंद
त्यास न ठावा कसला गंध
मोगऱ्याच्या कळ्या पांढऱ्या
संध्याकाळी होती हसऱ्या

सोनचाफ्याचा उंच डेरा
दुपारभर त्या सावलीत मी
वारा घाली पुन्हा फेरा
नवी पालवी, तरी जुनी मी

सातभाई

वाचायला गोड आहे. अळू आणि कर्दळ न्हाणीच्या पाण्यावर वाढतात, ते नेमके टिपले आहे. मात्रांचे जाणकार सांगतीलच.

मात्रामापक

वृत्त पादाकुलकच आहे, निदान तसा मनसुबा आहे. आठ आठ मात्रांची दोन आवर्तने मिळून एक चरण. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचना' या ग्रंथात आठ मात्रांवर फिरणाऱ्या जातींना (मात्रावृत्तांना) पद्मावर्तनी म्हटले आहे, त्यातले हे सर्वांत सोपे रूप. तुमची पहिली ओळ नमुन्यादाखल मांडतो:

मा २, गि १, ल १, दा २, री २ = ८
न्हा २, णी २, पा २, शी २ = ८

स्वच्छ. आता दुसरी: क २ (पुढे 'र्द' आहे, त्याचा आघात येतो म्हणून गुरू), र्द १, ळ १, पि १, व १, ळी २ = ८. पुढे उ १, भी २, आ २, डो २, शी २ = ९. एकूण १७. पहिला अडखळा इथे.

पाचवी ओळ: 'कुंपणकाठी' ८, 'फुलली' ४, 'जास्वंद' ५, म्हणजे १७. सातवी: मो २, ग १, ऱ्या २, च्या २, क १, ळ्या २, पां २, ढ १, ऱ्या २. झाल्या १५. अकरावी: 'वारा घाली' ८, पु १, न्हा २, फे २, रा २, म्हणजे १५. सहावी ओळही १५ भरते, पण तिचा शेवट 'गंध' असा लघूवर आहे आणि चरणाच्या शेवटचा लघू गरजेप्रमाणे गुरू धरायची मुभा आहे. ती चालेल.

तुम्ही सातव्या आणि अकराव्या ओळीत १६ कशा मोजल्या, याचा अंदाज येतो. 'ऱ्या' आणि 'न्हा' जोडाक्षरे दिसतात म्हणून त्यांच्या मागचे 'ग' आणि 'पु' तुम्ही गुरू धरले असणार.

परसदार

हो, अगदी तसेच मोजले. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, हा शाळेतला नियम.

मात्रामापक

नियम अर्धाच लक्षात राहतो. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडला तरच ते गुरू. 'सत्य', 'पुष्प', 'कर्दळ' म्हणताना जीभ मागच्या अक्षरावर थांबते. 'मोगऱ्या', 'तुम्ही', 'पुन्हा', 'तुझ्या', 'कळ्या' म्हणताना थांबत नाही. 'पुन्-हा' असे कोणी तोडून म्हणत नाही. त्यामुळे 'पुन्हा' लघु-गुरू, तीन मात्रा. 'ऱ्य', 'ऱ्ह' यांसाठी मराठीने डोळ्यातल्या काजळासारखा वेगळा 'ऱ' ठेवला, तो हा आघात नाही हे दाखवण्यासाठीच. 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी शेजारी म्हणून पाहा. पहिल्यात 'द' गुरू, दुसऱ्यात लघू.

आणखी एक. 'मोगऱ्या'तला 'ग' गुरू धरला तर त्याच न्यायाने 'पांढऱ्या'तला 'ढ' आणि 'कळ्या'तला 'क'ही गुरू धरावे लागतात. मग ओळ १८ मात्रांची होते. एकाच ओळीत दोन माप वापरता येत नाहीत.

कोयरी

अशीच फसगत 'तृ'चीही होते. बालकवींच्या फुलराणीतली दुसरी ओळ घ्या: 'हरित तृणांच्या मखमालीचे'. पुष्कळ जण 'तृ' जोडाक्षर समजून आधीचा 'त' गुरू धरतात आणि १७ मोजतात. 'तृ' म्हणजे त अधिक ऋ हा स्वर. त्यात दोन व्यंजने नाहीतच, म्हणून 'त' लघूच. ह १, रि १, त १, तृ १, णां २, च्या २, झाल्या ८. 'मखमालीचे' ८. ती कविताही ह्याच १६ मात्रांच्या चालीत आहे, आणि तिच्यातही हिरवळ आणि फुलेच आहेत. परसदार, तुमची कविता तिच्या शेजारी ठेवून एकाच चालीत म्हणा. जिथे चाल तुटेल तिथे खूण करा.

लगागा

'जास्वंद'बद्दल मतभेद नोंदवतो. बोलताना आपण 'जास्वन्द्' म्हणतो, शेवटच्या 'द'मधला अ उच्चारत नाही. मग त्याची मात्रा का मोजायची? न मोजता ओळ बरोबर १६ भरते.

मात्रामापक

मग 'गर्द अळूच्या' मधला 'र्द' पण सोडा. 'कुंपणकाठी'तला 'ण' आपण बोलताना गिळतोच, तोही सोडा. 'जास्वंद' वाचवायला गेलात तर तिसऱ्या ओळीचा पहिला अर्धा सातवर येतो आणि पाचवीचा पहिला अर्धाही सातवर. पद्यात प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारायचे, हा मराठी छंदाचा पाया आहे. मनाचे श्लोक म्हणताना 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' यातला 'श' आपण दोन्ही वेळा पुरा म्हणतो. नाहीतर त्यांचे भुजंगप्रयात वृत्त उभेच राहणार नाही.

लगागा

मान्य. अक्षरगणवृत्तात (लघु-गुरूंचा क्रम ठरलेल्या वृत्तात) तर प्रश्नच नाही. मात्रावृत्त लवचीक असते म्हणून इथे सूट असेल असे वाटले होते.

ठेकेदार

सूट आहे ती दोन लघूंच्या जागी एक गुरू घेण्याची. अक्षर गिळण्याची नाही.

तबल्याच्या बाजूने थोडे. ही चाल केरवा तालात बसते. धा गे ना ती, न क धी न, आठ मात्रांचे एक आवर्तन म्हणजे तुमचा अर्धा चरण. प्रत्येक अर्ध्याच्या पहिल्या मात्रेवर टाळी द्या. ज्या ओळीत टाळी अक्षराच्या सुरुवातीला पडत नाही, ती ओळ अडखळणार, मग मात्रांची बेरीज बरोबर असो वा नसो.

याचे उत्तम उदाहरण तुमची नववी ओळ आहे. मात्रामापकांच्या यादीत ती नाही, कारण बेरीज १६ भरते: सो २, न १, चा २, फ्या २, चा २, उं २, च १, डे २, रा २. पण जागा पाहा. सो १-२, न ३, चा ४-५, फ्या ६-७, आणि पुढचा 'चा' ८-९. आठव्या मात्रेला सुरू झालेले अक्षर नवव्या मात्रेत संपते. दुसरी टाळी 'चा'च्या पोटात पडते. वाटणी ९ आणि ७ अशी झाली. सगळ्या कवितेत सर्वांत जास्त खटकणारी ओळ हीच.

मधल्या वाटणीबद्दलही सांगतो. आठ मात्रा ४-४ अशाच पडाव्या लागतात असे नाही, ३-३-२ पण तितकीच गोड लागते. 'सावलीत मी' म्हणजे साव-लीत-मी, ३-३-२. 'नवी पालवी' पण तसेच. 'मागिल दारी' ४-४. या दोन जाती एकत्र नांदतात आणि त्यानेच चाल एकसुरी होत नाही.

परसदार

हे फार कामाचे आहे. बेरीज बरोबर असून ओळ का अडते, हे कोडे सुटले. मग 'पाण्याचे मोती ओघळती' ही ओळ? तिथेही किंचित थांबल्यासारखे होते.

ठेकेदार

तिथला दोष हलका आहे. पा २, ण्या २, चे २, मो २, झाल्या ८. नववी मात्रा 'ती'वर. टाळी अक्षराच्या सुरुवातीला पडते, पण शब्द मधोमध तुटतो: 'पाण्याचे मो, ती ओघळती'. गाताना खपून जाईल, वाचताना जाणवेल. आठवी ओळ पाहा, 'संध्याकाळी / होती हसऱ्या'. शब्द बरोबर आठव्या मात्रेला संपतो. तिथे किती मोकळे वाटते!

मुक्तपणे

एक वेगळे मत मांडते. इतके मोजमाप कशासाठी? 'सोनचाफ्याचा उंच डेरा' हे उच्चारताना झाड डोळ्यांपुढे येते. तिथे पाय अडखळला तर वाचक क्षणभर झाडाखाली थांबेल. मला तो दोष वाटत नाही. ही कविता मुक्तछंदात मोकळी सोडली तर काय बिघडेल?

कोयरी

मुक्तछंदात लिहायची तर यमकेही सोडावी लागतील आणि ओळींची लांबी आशयाप्रमाणे ठेवावी लागेल. ही कविता तशी नाही. अकरा ओळी चालीत आणि एक चालीबाहेर असेल तर वाचकाला ते थांबणे मुद्दाम केलेले वाटत नाही, चूक वाटते. मुद्दाम थांबवायचे असेल तर मात्रा कमी करून ओळीअखेर मोकळी जागा सोडता येते. सहाव्या ओळीत 'गंध'नंतर ती आपोआप आली आहे. तिथे जास्वंदीला गंध नाही म्हणताना एक मात्रा रिकामी राहते, आणि ते मला आवडले.

मुक्तपणे

तो मुद्दा पटला. 'गंध'नंतरची रिकामी मात्रा मलाही जाणवली होती, तिला नाव देता येत नव्हते.

यमकवेल्हाळ

आता यमके. पाशी / डोशी: फक्त 'शी' जुळते, त्याआधीचा स्वर आ आणि ओ. हे दुबळे यमक. शेवटचे अक्षर आणि त्याच्या आधीचा स्वर, दोन्ही जुळले तर कान तृप्त होतो. वरती / ओघळती यात 'ती'च्या आधी दोन्हीकडे अ आहे, ते ठीक. पांढऱ्या / हसऱ्या उत्तम.

जास्वंद / गंध: 'द' आणि 'ध' वेगळी व्यंजने. लोकगीतात चालेल, इतक्या नीटस कवितेत उणे दिसते.

सर्वांत मोठी अडचण तिसऱ्या कडव्यात आहे. 'सावलीत मी' आणि 'जुनी मी'. दोन्हीकडे 'मी' हा तोच शब्द त्याच अर्थाने आला. ते यमक झाले नाही, पुनरावृत्ती झाली. गझलेच्या भाषेत रदीफ (शेवटी परत येणारा तोच शब्द) आहे आणि काफियाच (त्याआधीचे यमक) नाही. 'मी'च्या आधी 'लीत' आणि 'जुनी' यांच्यात काही जुळत नाही.

सातभाई

उपाय सुचवताना शब्दांची फक्त अदलाबदल करून पाहा: 'तरी जुनी मी'ऐवजी 'तरी मी जुनी'. मग दहाव्या ओळीच्या शेवटी 'उनी' लागेल.

यमकवेल्हाळ

सातभाई, हे सापडलेच! 'सावलीत मी'चे 'सावलीतुनी' करायचे. सा २, व १, ली २, तु १, नी २, आठ. 'तरी मी जुनी': त १, री २, मी २, जु १, नी २, आठ. 'तुनी / जुनी' पक्के यमक. शिवाय अर्थही सुधारतो. आधी 'दुपारभर त्या सावलीत मी' हे वाक्य क्रियापदाविना लोंबत होते. आता 'दुपारभर त्या सावलीतुनी वारा घाली...' असे पुढच्या ओळीत वाहून जाते, आणि 'मी' एकदाच, अगदी शेवटी येते.

ठेकेदार

आणि 'मी' बरोबर ३-३-२ मधल्या दुसऱ्या तीनच्या सुरुवातीला पडते. तरी-मीजु-नी. जोर आपोआप तिच्यावर येतो.

लगागा

'दुपारभर त्या' इथे 'त्या' जोडाक्षर आहे. मग आधीचा 'र' गुरू व्हायला नको का? नऊ मात्रा होतील.

मात्रामापक

संस्कृतात झाला असता. मराठीत शब्द वेगळा उच्चारला जातो आणि पुढच्या शब्दाच्या आरंभीच्या जोडाक्षराचा आघात मागच्या शब्दावर सहसा पडत नाही. त्यातून 'त्या' हे य-जोडाक्षर, आधीच हलके. आठच मात्रा.

वसंतवारा

बागेची कविता आहे तर वसंततिलका का घेत नाही? नावातच वसंत आहे.

लगागा

नावाचा आणि विषयाचा संबंध नसतो. भुजंगप्रयातात सापच यावे लागत नाहीत. वसंततिलका म्हणजे त भ ज ज ग ग, चौदा अक्षरे: गागाल गालल लगाल लगाल गागा (ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू). मराठी बोलीतले 'न्हाणी', 'अळू', 'कर्दळ' असे शब्द त्यात बसवताना फार ओढाताण होते. लघु-गुरूंची जागा ठरलेली, एकही बदलता येत नाही.

भुजंगप्रयात तुलनेने सोपे, लगागा चार वेळा. 'अळूच्या तळाशी उभे थेंब ओले', बारा अक्षरे बरोबर बसली. पण या वृत्ताला मनाच्या श्लोकांची चाल इतकी चिकटली आहे की बाग वर्णन करतानाही उपदेश चालला आहे असे वाटते. पादाकुलकच ठेवा.

ओवीअंगण

अक्षरछंदात पण एकदा पाहा. अभंगाचा मोठा प्रकार, देवद्वार: सहा, सहा, सहा, चार अक्षरे, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. इथे मात्रा मोजायच्याच नाहीत, लघु-गुरू काहीही असो, अक्षरे मोजायची. तुमचे पहिले कडवे असे होते:

न्हाणीच्या कडेला
कर्दळ पिवळी
ओल्या अळूतळी
थेंब थांबे

शेवटचा चरण आखूड असल्याने तिथे आपसूक विसावा मिळतो.

मुक्तपणे

'थेंब थांबे' किती सुंदर आहे! मोत्यांपेक्षा हे कितीतरी खरे. अळूच्या पानाला मेणचट थर असतो, पाणी त्याला चिकटत नाही. थेंब गोल होऊन देठाच्या खोलगट जागी थांबतो आणि पान हलले की एकदम घरंगळतो. 'पाण्याचे मोती' ही उपमा फार वेळा वापरली गेली आहे.

परसदार

ओवीअंगण, तुमचा 'थेंब थांबे' मात्रांत बसवून घेऊ का? 'थेंब थांबती मग ओघळती'. मोजते: थें २, ब १, थां २, ब १, ती २, आठ. म १, ग १, ओ २, घ १, ळ १, ती २, आठ.

ओवीअंगण

अवश्य घ्या. शब्द तुटण्याचा दोषही गेला, आणि 'थांबती / ओघळती' असे आतले यमक मिळाले. 'मग' हा साधा शब्द छान बसला आहे, थांबणे आणि घरंगळणे यांच्यातला वेळ त्याने दाखवला.

मात्रामापक

उरलेल्या ओळींसाठी माझ्या सूचना. दुसरी: 'कर्दळ पिवळी त्या पाण्याशी'. आठ आठ, आणि 'पाशी / पाण्याशी' यमक भक्कम. सातवी: 'मोगऱ्यावरी कळ्या पांढऱ्या'. मो २, ग १, ऱ्या २, व १, री २. क १, ळ्या २, पां २, ढ १, ऱ्या २. दोन्ही अर्धे ३-३-२, झोक्यासारखी ओळ. पाचवी-सहावी: 'कुंपणकाठी जास्वंद फुले / गंध नसे पण रंगात खुले'. अकरावी: 'वारा घाली फिरून फेरा'.

कोयरी

पाचवी-सहावी सोडून बाकी सगळे पटले. 'गंध नसे पण रंगात खुले' ही मात्रांसाठी केलेली ओळ वाटते. मूळ ओळीत जास्वंदीला गंध म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. गंध नाही म्हणणे ही माहिती झाली, ठाऊक नाही म्हणणे ही कविता झाली. वृत्त दुरुस्त करताना हा जीव जाता कामा नये. शिवाय 'त्यास' हे लिंगही चुकले होते, जास्वंद स्त्रीलिंगी.

माझा प्रयत्न: 'कसला गंध न ठावा तिजला'. कसला ४, गंध न ४, ठावा ४, तिजला ४. आता वरच्या ओळीला 'जला' असा शेवट हवा.

सातभाई

'जास्वंदीने बांधच सजला'?

कोयरी

'च' भरीचा वाटतो. मात्रा कमी पडली की 'च', 'तो', 'हे', 'ही' अशी अक्षरे घुसवायचा मोह होतो. काढून टाकल्यावर अर्थ बदलत नसेल तर ते अक्षर भरीचे समजावे.

गडगेकर

कोकणात आणि गोव्यात बागेला दगडी गडगा असतो आणि त्यावर जास्वंदीच्या फांद्या वाकलेल्या असतात. 'जास्वंदीने गडगा सजला / कसला गंध न ठावा तिजला'. ग १, ड १, गा २, स १, ज १, ला २, आठ.

परसदार

गडगा! हाच शब्द हवा होता. कुंपण म्हटले की तारेचेही असू शकते, गडगा म्हटला की दगड आणि त्यावरचे शेवाळे दोन्ही दिसतात. घेतला.

यमकवेल्हाळ

आणि 'सजला / तिजला' मध्ये दोन अक्षरे पुरी जुळली. 'गंध'नंतरची रिकामी मात्रा मात्र गेली, ज्यांना ती आवडली होती त्यांची क्षमा असावी.

ठेकेदार

नववी ओळ राहिली. 'सोनचाफा' हा सात मात्रांचा शब्द या चालीत नेहमीच त्रास देतो. त्याला 'चा', 'ची' प्रत्यय लागला की नऊ होतात. 'सोन' सोडायची तयारी असेल तर 'वर चाफ्याचा हिरवा डेरा' बसते.

गडगेकर

नको. 'हिरवा चाफा' हे वेगळे झाड आहे, वेलीसारखे पसरणारे. वाचकाची गल्लत होईल, निदान झाडे ओळखणाऱ्याची तरी. त्याला डेरेदार सावलीही नसते.

सातभाई

'वर चाफ्याचा विशाल डेरा'? मात्रा बरोबर.

मुक्तपणे

'विशाल' म्हटल्यावर काही दिसत नाही. शेवटच्या ओळीत 'जुनी' आहे ना, मग इथे 'जुनाच' का नको? 'वर चाफ्याचा जुनाच डेरा'. जु १, ना २, च १, डे २, रा २. झाड जुने, त्याला नवी पालवी येते. ती जुनी, तिला येत नाही. आता 'तरी' या शब्दाला आधार मिळाला. आधी पालवी कुठल्या झाडाची आणि 'तरी' कशाच्या विरोधात, हे धूसर होते.

कोयरी

मला 'जुनाच' आधी येणे थोडे धोक्याचे वाटते. शेवटचा शब्द आधीच कानावर पडून गेला तर त्याची धार कमी होते. 'च' इथे भरीचा नाही, हे मात्र मान्य. 'जुनाच' म्हणजे 'तोच, पूर्वीचाच'.

मुक्तपणे

धार कमी होत नाही, उलट पुल्लिंगी जुना आणि स्त्रीलिंगी जुनी असे दोघे समोरासमोर उभे राहतात. मधे दोन ओळी वारा आहे.

यमकवेल्हाळ

घाटाच्या प्रश्नाकडे यायला हवे, तो मूळ धाग्यात होता. पहिली दोन कडवी अअबब (लागोपाठच्या ओळी जुळतात), तिसरे अबअब (एकाआड एक जुळतात). हे मुद्दाम केले होते का? तिसरेही अअबब करता येते, नुसत्या ओळी हलवून: डेरा, फेरा, सावलीतुनी, जुनी.

परसदार

मुद्दाम नव्हते. तसे सुचले, तसे लिहिले.

कोयरी

सुचले तसेच ठेवा. जोडयमकात उत्तर लगेच १६ मात्रांनी मिळते. अबअब मध्ये 'सावलीतुनी'चे उत्तर ३२ मात्रांनी येते. कान वाट पाहत राहतो. पहिल्या दोन कडव्यांत झाडे आहेत, तिसऱ्यात माणूस आला, आणि तिथे यमकाची चाल संथ झाली. शिवाय ओळी हलवल्या तर 'सावलीतुनी'चा वाऱ्याशी असलेला अन्वय तुटतो आणि 'सावलीतुनी नवी पालवी' असा भलताच अर्थ लागतो.

मात्रामापक

सुनीताचा प्रश्न. मराठीत सुनीत केशवसुतांनी आणले, १८९२ च्या सुमारास. चौदा ओळी हे त्याचे बाहेरचे माप झाले. आतली अट म्हणजे कलाटणी: आठ ओळींनंतर सहा, किंवा चार-चार-चार आणि शेवटी दोन. पुष्कळशी सुनीते शार्दूलविक्रीडितासारख्या लांब वृत्तात आहेत. त्याच्या एका चरणात १९ अक्षरे आणि ३० मात्रा असतात. विचार मांडायला, त्याला वळण द्यायला तेवढी जागा लागते. तुमच्या चरणात त्याच्या निम्म्याने जेमतेम मावते. दोन ओळी जोडल्या तर ओळी चौदा होतील, सुनीत होईलच असे नाही.

कोयरी

आणि कलाटणी 'तरी मी जुनी' मध्ये झालेली आहे. त्यापुढे दोन ओळी आल्या तर त्या तिचे स्पष्टीकरण देतील. बाराव्या ओळीवर थांबा.

परसदार

दोन ओळींचा विचार सोडला. 'जुनाच' ठेवते आहे. सगळे एकत्र:

मागिलदारी न्हाणीपाशी
कर्दळ पिवळी त्या पाण्याशी
गर्द अळूच्या पानावरती
थेंब थांबती मग ओघळती

जास्वंदीने गडगा सजला
कसला गंध न ठावा तिजला
मोगऱ्यावरी कळ्या पांढऱ्या
संध्याकाळी होती हसऱ्या

वर चाफ्याचा जुनाच डेरा
दुपारभर त्या सावलीतुनी
वारा घाली फिरून फेरा
नवी पालवी, तरी मी जुनी

ठेकेदार

केरव्यावर पूर्ण म्हणून पाहिली. एकही टाळी अक्षराच्या पोटात पडत नाही.

ओवीअंगण

दुसऱ्या ओळीतल्या 'त्या'वर जरा विचार करा. कोणते पाणी, हे आधी आलेले नाही. न्हाणीवरून वाचक समजून घेईल, पण 'त्या' थोडा उतावळा आहे. 'वाहत्या पाण्याशी' बसत नाही, वा २, ह १, त्या २ मिळून पाच होतात.

गडगेकर

'पिवळी कर्दळ, मोरीपाण्याशी' असेही नको, तिथे दोन मात्रा वाढतात. 'त्या'च राहू द्या. न्हाणीचे पाणी कुठे जाते ते परसू पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

मात्रामापक

बाराही ओळी तपासल्या, प्रत्येकी १६, वाटणी ८-८. एकच काळजी घ्या. गद्यात आपण 'मागील' लिहितो, गी दीर्घ. इथे ऱ्हस्व 'गि' घेतली आहे, ती वृत्तासाठीची मुभा आहे आणि बोलीतही तसा उच्चार आहे. कुठे छापायला दिलीत तर संपादकांना तसे लिहून कळवा. मुद्रितशोधनात 'मागील' झाले की पहिल्याच ओळीत नववी मात्रा येईल.